ऐकू येणं आणि ऐकणं

मराठीत ‘मी ऐकते’ असंही म्हणता येतं आणि ‘मला ऐकू येतं’ असंही. पहिल्या वाक्यात कर्ता मी आहे. दुसऱ्यात आवाज कुठून तरी निघून माझ्यापर्यंत येतो आणि मी फक्त त्याच्या मुक्कामाचं ठिकाण असते. भूक लागते, थंडी वाजते, आठवण येते, तसंच हे ऐकू येणं. या गोष्टी आपण करत नाही, त्या आपल्याला होतात. त्यामुळे ‘मला’ या साध्या शब्दात एक सूट दडलेली आहे. ‘मी ऐकलं नाही’ असं कोणी म्हटलं की वाद सुरू होतो, कारण आपल्याकडे न ऐकणं म्हणजे सांगितलेलं न मानणंही असतं. ‘मला ऐकू आलं नाही’ म्हटलं की मात्र चौकशी तिथंच थांबते. कानाला कोण जाब विचारणार?

भाषांतराच्या कामात अशी वाक्यं रोज हाताखालून जातात, म्हणून त्यांच्यातले फरक डोळ्यांत भरतात. हिंदीत आवाज ‘सुनाई देता है’. बंगालीत ‘आमि शुनते पाइ’ म्हणजे मला ऐकायला मिळतं; पण तिथं कर्तेपण ‘मी’कडेच राहतं. कन्नडमध्ये ‘ननगे केळिसुत्तदे’ हे अगदी आपल्या ‘मला ऐकू येतं’सारखं. कन्नडमधल्या मूळ धातूकडे मी शेवटी येणार आहे. आधी प्रश्न एवढाच, की ही सूट कितपत खरी आहे? जे मला ऐकू आलं नाही, त्याची जबाबदारी माझ्यावर मुळीच नाही का?

हा प्रश्न मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत सापडला नाही. तो कानाच्या शरीरशास्त्राबद्दल वाचताना सापडला.

शाळेत शिकवलेला कान आठवून पाहा. हवेतली कंपनं पडद्यावर आदळतात, तीन चिमुकली हाडं ती आत ढकलतात, आणि पुढं गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. उलगडली तर ती जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. आत द्रव आहे, एक लवचीक पडदा आहे आणि त्यावर केशपेशींच्या रांगा आहेत. कंपनांनी या पेशींवरचे सूक्ष्म केस झुकतात, विजेचे संकेत तयार होतात आणि सुमारे ३०,००० तंतूंच्या श्रवणतंत्रिकेतून ते मेंदूकडे जातात. या चित्रात सगळी वाहतूक एकाच दिशेनं होते. बाहेर जग, मध्ये कान, आत मेंदू. कान हा टपालपेटीसारखा. टाकलं ते पोचतं. वाचायचं की नाही हे घरातल्यांनी ठरवायचं.

आपल्या जुन्या ज्ञानमीमांसेतलं चित्रही याच्याशी बरंचसं जुळतं. मन दुसरीकडे असलं तर समोरचं दिसत नाही आणि बोललेलं ऐकू येत नाही, हे बृहदारण्यक उपनिषदानं फार पूर्वी नोंदवून ठेवलं आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत तर अनेक ज्ञानं एकाच वेळी उत्पन्न होत नाहीत, हीच मन असल्याची खूण मानली आहे. इंद्रियं आपापल्या दारात उभी असतात. मन एका वेळी एकाच दारात जातं. म्हणजे निवड होते ती मनाच्या पातळीवर. कान बिचारा जे येईल ते धरून बसलेला.

१९४६ साली अमेरिकेतले शरीररचनातज्ज्ञ ग्रँट रासमुसेन यांनी एक तंतूंचा जुडगा वर्णिला आणि या चित्राला पहिला तडा गेला. मेंदूच्या बुंध्यात ऑलिव्हच्या फळावरून नाव पडलेला पेशींचा एक पुंजका आहे. तिथून निघालेले हे तंतू कानाकडे जात होते. कानाकडून नव्हे, कानाकडे. मेंदूला कानाकडून बातमी हवी असते हे ठीक. पण मेंदूनं कानाला सांगावं असं काय असेल? दहा वर्षांनी, १९५६ मध्ये, रॉबर्ट गॅलँबोस यांनी मांजरांमध्ये हा जुडगा विजेनं उत्तेजित केला, आणि आवाज चालू असतानाच श्रवणतंत्रिकेतली हालचाल मंदावली. मेंदू कानाला काय सांगतो याचं पहिलं उत्तर मिळालं. तो सांगतो, ‘हळू’.

तरीही मेंदू कानात नेमकं काय धरून ओढतो हे कळायला आणखी बरीच वर्षं गेली, कारण कान स्वतः काही करतो हेच कोणी मानत नव्हतं. गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं ते कॉक्लियातल्या पडद्यावरून धावणारी लाट दाखवल्याबद्दल. ते मोठंच काम होतं. पण ती लाट त्यांनी पाहिली होती मृतांच्या कानांत. मेलेला कान खरोखरच टपालपेटीसारखा असतो. जिवंत कान तसा नसावा, असं १९४८ मध्येच थॉमस गोल्ड यांनी सुचवलं होतं. पुढे खगोलभौतिकीत नाव झालेल्या या माणसाचं म्हणणं असं, की द्रवात बुडालेला पडदा इतक्या बारीक फरकानं सूर वेगळे करू शकतो, म्हणजे आत कुठेतरी त्याला सतत झोके देणारी यंत्रणा असणार. आणि तशी असेल, तर कानातून कधी कधी आवाज बाहेरही यायला हवा. ही कल्पना तीस वर्षं पडून राहिली. १९७८ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी निरोगी माणसांच्या कानात बारीक मायक्रोफोन ठेवून एक ‘टिक्’ वाजवली, आणि काही हजारांश सेकंदांनी कानानं आपला क्षीण प्रतिध्वनी परत पाठवला. आज नवजात बाळाचं ऐकणं ठीक आहे की नाही, हे पाहताना हाच प्रतिध्वनी शोधतात. बाळ झोपलेलं असतं आणि त्याचा कान उत्तर देत असतो.

हे उत्तर देतात त्या बाहेरच्या केशपेशी. प्रत्येक कानात केशपेशींचे दोन प्रकार आहेत. आतल्या रांगेत सुमारे ३,५०० पेशी. मेंदूकडे जाणारे बहुतेक सगळे तंतू यांच्यापासूनच निघतात. बाहेरच्या तीन रांगांत सुमारे १२,००० पेशी. संख्येनं तिपटीहून अधिक, पण मेंदूला बातमी देण्यात त्यांचा वाटा अगदी थोडा. मग इतक्या पेशी तिथं करतात काय? १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की विजेच्या संकेताबरोबर या पेशी लांब आणि आखूड होतात. आवाजाच्या तालावर त्या अक्षरशः उठाबशा काढतात आणि त्या धक्क्यांनी पडद्यावरचं क्षीण कंपन मोठं होतं. आतल्या पेशी ऐकतात. बाहेरच्या ऐकण्याजोगं करतात.

मेंदूकडून येणाऱ्या तंतूंपैकी एका गटातले तंतू या बाहेरच्या पेशींवरच येऊन टेकतात. (दुसरा एक गट आतल्या पेशींखालच्या तंतूंवर टेकतो, त्याची गोष्ट वेगळी.) तिथं ते ॲसिटिलकोलीन सोडतात. स्नायूवर पडलं की हेच रसायन त्याला आखडायला लावतं. इथं मात्र त्यानं कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियममुळे पोटॅशियमची उघडतात आणि पेशी शांतावते. तिचा जोर कमी होतो, आवाज मोठा करणं कमी होतं. सगळं सुमारे एक दशांश सेकंदात. माणसात याचा पुरावा मिळवायला शस्त्रक्रियाही लागत नाही. डाव्या कानाचा प्रतिध्वनी मोजत असताना उजव्या कानात नुसता खरखराट ऐकवला, तर डावीकडचा प्रतिध्वनी किंचित मंदावतो. उजवीकडची खबर मेंदूच्या बुंध्यापर्यंत गेली, आणि डावीकडे हुकूम सुटला. ज्याच्या कानात हे घडतं त्याला याचा पत्ताही नसतो.

यात मेंदूचा काय फायदा? एक म्हणजे संरक्षण. मोठ्या आवाजानं होणारी इजा या यंत्रणेमुळे कमी होते, असं प्राण्यांमध्ये दिसलं आहे. पण दुसरा उपयोग माझ्या प्रश्नाच्या जवळचा आहे. सतत चालू असलेल्या गोंगाटात तंत्रिकेचे तंतू त्या गोंगाटालाच उत्तर देत देत दमून जातात आणि मधूनच आलेला शब्द टिपायला त्यांच्याकडे ताकद उरत नाही. मेंदू कानाचा जोर थोडा उतरवतो तेव्हा गोंगाटाला मिळणारं उत्तर घटतं, आणि शब्द उठून दिसतो. मंडईत भाव विचारताना, लोकलच्या डब्यात मैत्रिणीशी बोलताना, आपण जे ऐकतो त्यात आधी काहीतरी कमी ऐकल्याचा हात असतो.

इथवर ही यंत्रणा निष्पाप वाटते. खरा पेच पुढे आहे. मेंदू फक्त गोंगाट कमी करतो, की त्याला नको असलेला आवाजही?

याचं एक प्रसिद्ध उत्तर १९५६ मध्येच आलं होतं. राउल एर्नांदेस-पेओन आणि सहकाऱ्यांनी एका जाग्या मांजराच्या श्रवणमार्गात, मेंदूतल्या पहिल्याच थांब्यावर, विद्युताग्र बसवलं. टिक्-टिक् आवाजाला तिथं ठळक प्रतिसाद येत होता. मग मांजरासमोर काचेच्या बरणीतले उंदीर ठेवले, आणि टिक्-टिक्‌ला येणारा प्रतिसाद घटला. उंदीर काढून घेतले, तो परतला. बघा, लक्ष उंदरांकडे गेल्यावर आवाज दारातच अडवला गेला! ही गोष्ट इतकी सुबक होती, की ती पाठ्यपुस्तकांत गेली. पण १९६०च्या दशकात इतर संशोधकांनी विचारलं, की मांजर उंदरांकडे मान वळवतं तेव्हा त्याच्या कानापर्यंत पोचणारा आवाजच बदलत नसेल कशावरून? कानाची पाळी हलते, मधल्या कानातले स्नायू आवळतात. हे वगळल्याशिवाय लक्षाला श्रेय देता येणार नाही. आक्षेप योग्य होता. जास्त काटेकोर प्रयोगांना बराच काळ लागला. २००७ मध्ये पॉल डेलानो आणि सहकाऱ्यांनी चिंचिला या उंदरासारख्या प्राण्यांना डोळ्यांनी खूण ओळखण्याच्या कामात गुंतवलं, तेव्हा आवाजाला मिळणारा प्रतिसाद थेट कॉक्लियातच घटलेला दिसला. मांजराच्या गोष्टीत तथ्य होतं. ती फक्त पुराव्याआधी सांगितली गेली होती.

पण मला सर्वांत जास्त विचारात पाडणारा प्रयोग माणसांवरचा आहे. काही रुग्णांना इतकी तीव्र चक्कर येते की शेवटी तोल सांभाळणारी तंत्रिका कापावी लागते. मेंदूकडून कानाकडे येणारे तंतू काही अंतर याच तंत्रिकेच्या सोबतीनं येतात, त्यामुळे तेही कापले जातात. म्हणजे कान शाबूत, ऐकण्याची तंत्रिका शाबूत, फक्त मेंदूचा हुकूम पोचत नाही. १९९०च्या दशकात बर्ट्राम शार्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचं ऐकणं तपासलं. १९९७च्या त्यांच्या निबंधात १६ रुग्ण आहेत. क्षीण सूर ऐकू येणं, दोन सुरांतला फरक कळणं, आवाजाच्या कमी-जास्त जोराचा अंदाज, अशा बहुतेक कसोट्यांत शस्त्रक्रियेनं फरक पडला नव्हता. फरक पडला तो एका ठिकाणी.

ती कसोटी अशी. खरखराटात एक क्षीण सूर वारंवार ऐकवतात. ऐकणाऱ्याला त्या सुराची अपेक्षा बसते. मग मध्येच, न सांगता, तेवढ्याच जोराचा पण वेगळ्या उंचीचा सूर वाजवतात. १९६८ पासून हे माहीत आहे, की अपेक्षेपासून दूरचा असा सूर लोकांना बहुधा ऐकूच येत नाही. सूर ऐकण्याजोगा असतो. त्याचीच अपेक्षा असती तर तो बिनचूक ऐकू आला असता. शार्फ यांच्या बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर हे अनपेक्षित सूर आधीपेक्षा चांगले ऐकू येऊ लागले.

यावर जरा थांबायला हवं. काहीतरी कापलं गेलं आणि ऐकणं वाढलं. वाढलं ते ज्याची वाट पाहिली जात नव्हती त्याचं. म्हणजे एरवी आपण एका गोष्टीची वाट पाहत असतो तेव्हा ती वाट पाहणं फक्त मनात राहत नाही. काही अंशी तरी ते तंतूंवरून खाली उतरतं आणि कानातच इतर गोष्टींचा आवाज कमी करतं. ‘मला ऐकू आलं नाही’ हे वाक्य खरं असतं. पण ऐकू न येण्यामागं माझी अपेक्षा होती, हेही खरं असू शकतं.

इथून उडी मारून ‘सगळा पूर्वग्रह कानातच बसलेला आहे’ असं म्हणायचा मोह होतो. तो टाळायला हवा. रुग्ण थोडे होते. प्रयोगातला सूर म्हणजे माणसाची तक्रार नव्हे. कानाच्या पातळीवरचा हा बदल माणसात लहानच असतो, आणि बोलणं समजण्याचं बहुतेक काम वर, मेंदूच्या कवचात होतं. मांजराच्या प्रयोगानं शिकवलेला धडा इथंही लागू आहे: गोष्ट सुबक आहे म्हणून पुराव्यापेक्षा मोठी सांगू नये. कानाचं शरीरशास्त्र नीती शिकवत नाही. ते फक्त एक सोयीची समजूत काढून घेतं, की कुठेतरी खाली एक शुद्ध, निरपेक्ष ऐकणं आहे आणि आपल्या आवडीनिवडी त्यावर नंतर बसतात. अगदी तळापर्यंत गेलं तरी असं ऐकणं सापडत नाही.

मग जबाबदारीचं काय? दोन उत्तरं चटकन सुचतात. एक, जे जाणिवेआधी एक दशांश सेकंदात घडतं त्याला मी कशी जबाबदार? दुसरं, अपेक्षा माझी, म्हणून गुन्हाही माझा. पहिल्यानं सगळ्यांचीच सुटका होते, आणि दुसऱ्यानं माणसानं गोंगाटात शब्द ऐकणंदेखील पाप ठरतं. अपेक्षा न करणारा कान जास्त नीतिमान असेल असं मला वाटत नाही. तो फक्त जास्त गोंधळलेला असेल.

आयरिस मर्डॉक यांच्या १९७०च्या ‘द सॉव्हरेन्टी ऑफ गुड’ या पुस्तकात एक सासू आहे. तिला सून थिल्लर, गावंढळ वाटते. सासू सुसंस्कृत आहे, वागण्यात ती हे कुठंच दाखवत नाही. सून दूर गेलेली असली किंवा वारलेली असली तरी उदाहरणाला बाधा येत नाही, कारण बाहेर काहीच घडायचं नाहीये. घडतं ते आत. सासू स्वतःला सांगते, की मी जुन्या वळणाची आहे, मत्सरी तर नक्कीच. पुन्हा एकदा नीट बघते. आणि हळूहळू तिला थिल्लरपणाऐवजी उत्फुल्लता दिसू लागते. मर्डॉक यांचा मुद्दा असा, की नीती निर्णयाच्या क्षणी सुरू होत नाही. आपण रोज कुठं आणि कसं लक्ष देतो त्यातून आपलं जग घडत राहतं, आणि निर्णयाची वेळ येते तोवर निवड बरीचशी होऊन गेलेली असते.

कानाच्या बाबतीत मला हे जसंच्या तसं लागू पडताना दिसतं. त्या एक दशांश सेकंदावर माझा ताबा नाही. पण त्या क्षणी जी अपेक्षा खाली उतरते, ती त्या क्षणी जन्मलेली नसते. ती घरात, शाळेत, वाचनात, शेजारात वर्षानुवर्षं तयार झालेली असते, आणि तिच्या घडणीत माझा काहीएक हात असतो. जबाबदारी आहे ती तिथं.

हे अमूर्त वाटू नये म्हणून दोन उदाहरणं देते.

माझ्या आत्याला सत्तरीनंतर ऐकू कमी येऊ लागलं. स्वयंपाकघरात समोरासमोर बसून बोललं की तिला सगळं कळायचं. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र ती हसून मान डोलवायची आणि भलतंच उत्तर द्यायची. नातेवाइकांत कुजबूज सुरू झाली, ‘तिला हवं ते बरोबर ऐकू येतं.’ अशी कुजबूज बहुतेक घरांत असते. म्हाताऱ्यांच्या बहिरेपणावर सोयीचा असल्याचा आळ आपण फार लवकर घेतो. आत्या म्हणायची, ‘ऐकू येतं गं, पण उमगत नाही.’ शरीरशास्त्राच्या दृष्टीनं हे वाक्य नेमकं आहे. वयाबरोबर बहुधा आधी झडतात त्या बाहेरच्या केशपेशी, म्हणजे ज्यांच्यामार्फत क्षीण आवाज मोठा होतो आणि ज्यांना मेंदू ‘हळू’ म्हणू शकतो त्याच. त्या गेल्या की गोंगाटातून शब्द वेगळा काढणं अवघड होतं. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण शब्दाबरोबर ताटवाट्यांचा खणखणाटही मोठा होतो. निवडून ऐकण्याची ताकदच जिची गेली होती, तिच्यावर निवडून ऐकल्याचा आरोप होत होता. आणि तिचं वाक्य कोणाला ऐकू येत नव्हतं, कारण सगळ्यांची अपेक्षा आधीच ठरलेली होती.

दुसरं उदाहरण भाषेतलं आहे. दवाखान्याच्या रांगेत एखादी बाई म्हणते, ‘दोन दिस झाले, पानी बी पोटात ठरंना.’ शहरी, शिकलेल्या कानाला यातला ‘पानी’ आधी ऐकू येतो, ‘बी’ आणि ‘ठरंना’ ऐकू येतात. दोन दिवस मागं राहतात. इथं अनपेक्षित सूर दबला असं नाही, उलट तोच तेवढा कानात घुसला. पण लक्ष न-णकडे वळलं आणि आजार निसटला. बरणीतल्या उंदरांनी त्या मांजराचं जे केलं असं सांगितलं जातं, ते अशुद्ध मानलेलं उच्चारण आपलं करतं. अशा वेळी ऐकणाऱ्याला विचारा. तो प्रामाणिकपणे सांगेल की त्या किती दिवस म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. तो खोटं बोलत नसतो. पण ‘ण’ला इतकं मोल देणारा कान कोणी घडवला, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर कॉक्लियात नाही. ते वर्गात आहे, जिथं ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला हसल्यावर बाकीच्या मुलांचे कान तयार होतात.

भाषांतरकाराचं काम या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी चालतं. धारवाडकडचं कन्नड बोलणारं पात्र मराठीत आणताना माझ्या कानात आधीच काही मराठी पात्रं बोलत असतात. शेतकरी म्हटला की एक लय, कारकून म्हटला की दुसरी. वाक्य पुरं वाचायच्या आधी मराठी वाक्य हजर होतं, आणि बहुधा ते बरंही असतं; त्या अपेक्षेशिवाय मला कामच करता येणार नाही. धोका असतो तो जिथं पात्र अपेक्षेबाहेरचं बोलतं तिथं: शेतकरी अचानक कायद्याच्या भाषेत बोलतो, कारकून शिवी देतो. अशा जागा ओळखायला माझा स्वतःचा कान अपुरा आहे. तो अधिक ताणून उपयोग नाही, कारण तो ताणला जातो तोही अपेक्षेच्याच दिशेनं. म्हणून कच्चा खर्डा झाला की तो मी त्या भागात वाढलेल्या एका मैत्रिणीला मोठ्यानं वाचून दाखवते आणि मूळ तिच्या हातात ठेवते. ती थांबवते तिथं आम्ही थांबतो. तिची अपेक्षा वेगळ्या ठिकाणी बसलेली आहे. माझ्यापेक्षा शुद्ध नव्हे, फक्त वेगळ्या ठिकाणी. दोघींच्या मिळून थोडं जास्त ऐकू येतं.

इथं मला तो कन्नड धातू उपयोगी पडतो. ‘हाडु केळु’ म्हणजे गाणं ऐक. ‘अवनन्नु केळु’ म्हणजे त्याला विचार. ऐकणं आणि विचारणं यांना कन्नडमध्ये एकच क्रियापद आहे. तमिळमध्येही ‘केळ्’ असंच दोन्हीकडे चालतं. मराठीत आणताना दर वेळी निवड करावी लागते, आणि दर वेळी अर्धा अर्थ पलीकडे राहतो. शब्दांच्या व्युत्पत्तीतून नीती काढायची नसते हे मला माहीत आहे. कन्नड बोलणारे आपल्यापेक्षा जास्त विचारून ऐकतात असा माझा दावा नाही. पण कानाबद्दल जे वाचलं त्यानंतर हे एकत्र असणं मला समजुतीचं वाटतं. आपल्याला काय ऐकू आलं नाही हे आपल्याला ऐकू येत नाही. ते दुसऱ्याकडूनच कळतं, आणि त्यासाठी विचारावं लागतं.

म्हणून ‘मला ऐकू आलं नाही’ या वाक्याला मी खोटं ठरवणार नाही, आणि त्यातली सूटही पूर्ण काढून घेणार नाही. कानात खरोखरच बरंच काही आपल्याला न विचारता घडतं. मी फक्त त्या वाक्यानंतर काय येतं ते बघेन. त्यानंतर माणूस गप्प बसला, तर ती सबब झाली. ‘पुन्हा सांगाल का?’ असं त्यानं विचारलं, तर ऐकणं तिथून सुरू झालं.